सांधा

लिस्बनच्या कडेला, महामार्ग वळसा घेतो तिथं,
तो उतार कुणाचाच नव्हता.
फुटक्या टाइल्स, गंजलेलं एक वॉशिंग मशीन,
माजलेली रानबडीशेप,
आणि वरून रात्रंदिवस गाड्यांची घरघर.
चौथ्या मजल्यावरून मी तिकडे
सिगारेटची थोटकं भिरकवायचो, इतकाच संबंध.

मग केप व्हर्देच्या झुल्मिरानं
एका रविवारी तिथं मका टोबला.
कुणाला विचारलं नाही. विचारायचं तरी कुणाला?
मक्याच्या पायाशी घेवडा, घेवड्याच्या सावलीत भोपळा.
तिच्या बेटावर पाऊस पाहुण्यासारखा येतो म्हणे,
आला तर आला.
म्हणून मातीशी ती जरा जपूनच वागते.

खालच्या अंगाला अबिलिओ.
उत्तरेच्या डोंगरातला, चाळीस वर्षं ट्राम दुरुस्त केलेला.
त्याच्या कोबीच्या ओळी म्हणजे रूळच.
जुन्या धोबीघाटाची तोटी त्याच्या बाजूला
आणि त्याचा पाइप अंजिरापर्यंत पोचणारा.
झुल्मिराचे वाफे अंजिराच्या पलीकडे.

तीन उन्हाळे ती कॅनमधून पाणी वाहत राहिली,
दोन हातांत दोन, आणि तोंडात शब्द नाही.
तोही बोलला नाही.
फक्त एकदा कॅफेत म्हणाला, बाई बांध कोरते.
आणि एकदा जिन्यात ती म्हणाली,
ह्याचा कोबी माणसापेक्षा जास्त पितो.
दोन्ही वाक्यं ज्याची त्याला पोचली.
वाक्यांना पाइप लागत नाही.

ऑगस्टात, भर दुपारी, पाइप फुटला.
अबिलिओचा गुडघा सुजलेला,
खिडकीत बसून तो आपलंच कारंजं बघत होता.
धावली ती झुल्मिरा.
खुरप्यानं फाटका तुकडा उडवला,
आणि घरातून नवा पाइप आणला,
तीन वर्षांपूर्वी घेतलेला,
दुकानातल्या गुंडाळीतच राहिलेला.
मग वर बघून ओरडली, अहो सायकलवाले!
माझं नाव तिला माहीत नव्हतं.

जुनी ट्यूब घेऊन मी उतरलो.
सहा वर्षांत त्या मातीवर पहिल्यांदा पाय.
रबर ताणून, गुंडाळून, तारेनं आवळून
दोन पाइप एक केले.
थेंब थेंब गळतच राहिलं.
मी पंक्चर काढतो, पाण्यातलं मला कळत नाही.

तेव्हापासून पाळी लागली.
सकाळी कोबी, दिवेलागणीला मका.
दारं धरायला कुणीतरी हवंच,
म्हणून तिसऱ्या मजल्यावरची बिनू आली,
रात्रपाळीहून थेट, डोळे तारवटलेले.
तिनं नेपाळी मोहरी पेरली.
तिचा भाऊ आला, तो नुसताच बसतो.
भांडणं होतात. भोपळा चोरीला गेला,
तर दोन आठवडे सगळे एकमेकांच्या स्वयंपाकघराचा वास घेत होते.

आणि सांध्याखाली, जिथं सारखी ओल,
तिथं पुदिना उगवला.
कुणी लावला नव्हता.
त्याला पाळी नाही, वाफा नाही,
जाता-येता जो तो मूठभर खुडतो.

मेमध्ये पालिकेचा माणूस टेप घेऊन आला.
जमीन मोजली. पाइपही मोजला.
हा कुणाचा, म्हणाला.
अबिलिओनं झुल्मिराकडे बोट केलं,
झुल्मिरानं अबिलिओकडे,
आणि बिनूच्या भावानं, न बोलता,
त्याच्या हातात पुदिना ठेवला.
तो हुंगत उभा राहिला बराच वेळ.
मग वहीत काहीतरी लिहिलं.
काय ते अजून कळलेलं नाही.

परवा अबिलिओनं पितळी सांधा आणला,
आटे असलेला, थेंबसुद्धा न गळणारा.
काठी टेकत तो तिथवर आला,
पुदिन्याकडे बघत उभा राहिला,
आणि सांधा परत खिशात टाकला.
ट्यूब जरा आवळ, मला म्हणाला.
मी पक्कड काढली.
फार नको, म्हणाला.